वज्रेश्वरीच्या उन्हात तीन खेळ

मार्च-एप्रिलमध्ये ठाणे जिल्ह्यात बरेच दिवस वारा जमिनीकडून, पूर्वेकडून येतो आणि समुद्रावरचा गार वारा दुपार कलेपर्यंत आत शिरत नाही. भिवंडीच्या पत्र्याच्या गोदामांत तेव्हा उभं राहवत नाही. मी अशाच एका गोदामात मालाचा हिशेब ठेवते. मार्चएंड संपला, मुलांच्या परीक्षा उरकत आल्या आणि आमच्या गटाने एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी वज्रेश्वरीजवळच्या एका आमराईत तंबू ठोकून ट्रायथलॉन केली. शर्यती मी याआधीही केल्या आहेत, पण इतका आनंद एकीनेही दिला नाही.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. घड्याळ मध्ये थांबत नाही. ओले कपडे झटकून हेल्मेट चढवायला लागलेला वेळही धरला जातो. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० धावणं. आपल्याकडे घराघरात पोचला तो ‘आयर्नमॅन’ हा शब्द, विशेषतः २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची शर्यत पूर्ण केल्यावर. ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल मारून वर अख्खी मॅरेथॉन! हे आकडे ऐकले की माणूस हात जोडून बाजूला होतो. गोव्यात २०१९ पासून मिरामारच्या समुद्रात सुरू होणारी शर्यत याच्या निम्मी, तीही वर्षभराच्या तयारीची. पण याच खेळाचं ‘स्प्रिंट’ नावाचं छोटं रूप आहे: ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटर. नोकरी, घर, मुलं सांभाळून ते जमतं. आम्ही तेच केलं.

आमचा गट भिवंडीसारखाच आहे. उर्दू शाळेतले पीटीचे सर, कामतघरचे तेलुगू लूमवाले काका, काल्हेरचा आगरी तरुण, एक नर्स आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. एरवी आमची ओळख पहाटेची, माणकोलीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागायच्या आत सायकली काढणाऱ्यांची. बोलणं व्हायचं ते टायरमधल्या हवेपुरतं.

शनिवारी दुपारी पोचलो तेव्हा कैऱ्यांनी लगडलेल्या झाडांखालीही धग होती. कुणी सराव केला नाही. सरांनी करूच दिला नाही. “उद्यासाठी ठेवा,” एवढंच म्हणाले. मग नुसतं पडून राहणं. काल्हेरच्या पोराने ताडगोळे आणले होते, ते सोलून खाणं. काकांनी सायकलींच्या चेन पुसून तेल घातलं, न विचारता, सगळ्यांच्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर देवीच्या पायऱ्या चढून आलो. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलून १७३९ च्या विजयानंतर बांधवलेलं हे देऊळ; वरून तानसेचं खोरं आणि मंदाग्नीचा डोंगर दिसतो. रात्री चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. नर्सबाईंनी प्रत्येकाला विचारलं, दिवसभरात लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता. कुणी हसलं नाही. उन्हातल्या शर्यतीची खरी तयारी त्या प्रश्नापासून सुरू होते.

तंबूत उकडत होतं, म्हणून बहुतेक जण बाहेरच चटईवर झोपले. त्या रात्री काकांनी लूमच्या मंदीबद्दल सांगितलं, सरांनी आपल्या आजोबांच्या हातमागाबद्दल. एकत्र मुक्काम केल्याशिवाय हे बोलणं झालं नसतं, आणि माझ्या मते शर्यतीइतकंच ते मोलाचं होतं.

रविवारी सहाला सुरुवात. नदीत उतरायचं नाही हे आधीच ठरलेलं. उन्हाळ्यात तानसेत पाणी कमी, खडक आणि डोह जास्त. तानसा तलाव तर मुंबईचं पिण्याचं पाणी, तिथे पोहण्याचा विचारही नको. जवळच्या रिसॉर्टचा २५ मीटरचा तलाव दोन तास घेतला होता. ३० लांब्या, आणि काठावर एक माणूस फक्त मोजायला. नर्सबाईंची मुलगी सगळ्यांच्या पुढे निघाली.

सायकलला अंबाडीच्या दिशेने पाच किलोमीटर जायचं, वळायचं, यायचं. असे दोन फेरे. पहिला फेरा सुखाचा. दुसऱ्यात रस्ता तापायला लागला. सायकलवर वारा लागतो, घाम वाळतो, म्हणून ऊन जाणवत नाही. खरं ऊन भेटतं धावताना. सायकलवरून उतरल्यावर पाय जड पडतात, त्यात अंगाला वारा नाही. शरीर गार राहण्यासाठी रक्त कातडीकडे पाठवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, म्हणून तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. कोकणपट्टीत हवा दमट, घाम नुसता गळतो, पूर्ण उडून जात नाही. आणि घाम उडाल्याशिवाय अंग गार होत नाही. हौसेचा इथे उपयोग नसतो. वेग कमी करावाच लागतो.

आणि वेग कमी झाला तिथेच मजा सुरू झाली. पहिल्या दोन किलोमीटरांनंतर कुणी कुणाला मागे टाकायच्या भानगडीत पडलं नाही. पाण्याच्या टेबलाशी सगळे थांबत होते: मीठ-साखर घातलेलं कोकमाचं पाणी, डोक्यावर ओला पंचा, मानेवर बर्फ. सर स्वतःची धाव सोडून काकांबरोबर चालायला लागले. शेवटचा किलोमीटर आम्ही सहाही जण एकत्र आलो. मेडल नव्हतं. आमराईच्या मालकीणबाईंनी प्रत्येकाच्या हातात एक कैरी दिली. ती माझ्या मुलीने मिठाबरोबर संपवली. दुपारभर सावलीत झोपून, निघण्याआधी अकलोलीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसलो. एप्रिलमध्ये गरम पाण्याचं सुख वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, पण दमलेल्या पोटऱ्यांना ते खरोखर मानवलं.

उन्हाची भीती मात्र बाळगायलाच हवी. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात एका सोहळ्याला नुसतं बसलेली माणसं उष्माघाताने गेली, हे आपण विसरू नये. शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. रोज थोडा वेळ उन्हात हालचाल केली की घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठही कमी जातं. ही सवय नसेल तर उतरू नका. नुसतं पाणी ढोसू नका, सोबत मीठ घ्या. चक्कर, मळमळ, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं की तिथेच थांबवा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि दवाखाना गाठा.

एवढं पाळून तुमच्या तालुक्यातही हे करता येईल. परदेशी सायकल लागत नाही, प्रवेश फी लागत नाही. पोहता येणारी चार माणसं, एक तलाव, कमी रहदारीचा रस्ता, काठावर लक्ष ठेवणारा एक जाणता आणि एका रात्रीचा मुक्काम हवा. मुक्काम गाळू नका. सहाला सुरू करा, नऊच्या आत संपवा. पोहणं येत नसेल तर आधी तेवढं शिकून घ्या. मी पस्तिशीनंतर शिकले.