ट्रॅक्टरचा दम, शेतकऱ्याचा दम

महिन्याभरापूर्वी काटोलकडचे एक शेतकरी ओपीडीत आले. वय साठीचे, विडी-सिगारेट कधी नाही, पण थोडे चालले की धाप. दोन वर्षांपासून दम्याच्या गोळ्या सुरू; फुंकून करायची तपासणी मात्र एकदाही झालेली नव्हती. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या ट्रॅक्टरचंही असंच हाये. सकाळी ढकलल्याबिगर सुरूच होत नाही. कॉम्प्रेशन गेलं म्हणतात."

मी विचारले, "मोजलं का?" तेही मोजलेले नव्हते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-अठरा पट दाबतो, ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेना किंवा हेड गॅस्केट गेले की हवा निसटते आणि तेवढी उष्णता तयारच होत नाही. थंडीत हा दोष आधी उघडा पडतो (नागपूरचा पारा डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांवर आला होता). सेल्फ फिरतो, न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो, इंजिन काही सुरू होत नाही.

पण खराब नोझलही असाच धूर काढते, आणि बॅटरी उतरली तरी इंजिन सुरू होत नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी बॅटरी, एअर क्लीनर, टॅपेट पाहतो. मग डिझेल बंद करून नोझलच्या जागी प्रेशर गेज लावतो आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवतो. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी भरले तर संशय गॅस्केटवर. एखादाच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतो. तेलाने रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा चढला तर दोष रिंगा-लायनरचा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. तेल मात्र चमचाभरच. जास्त ओतले तर आकडा खोटाच वाढतो.

(डॉक्टर म्हणून एक सांगतो: नोझलचा फवारा हातावर घेऊन पाहू नका. तो कातडी भेदून आत शिरतो. वर टाचणीएवढीच खूण दिसते, पण उशीर झाला तर बोट जाऊ शकते.)

आमची स्पायरोमेट्री याच पद्धतीची. छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकायचे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र मोजते. मग साल्ब्युटामॉलचे चार पफ देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. आकडा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढला तर नळ्यांचे आकुंचन सुटणारे आहे, म्हणजे दम्याची शक्यता जास्त. औषधानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी राहिली तर सीओपीडीचा विचार करावा लागतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत.

काकांचा आकडा औषधानंतरही फारसा हलला नाही. तीस वर्षे मळणीची धूळ आणि घरात चुलीचा धूर. ट्रॅक्टरचा एअर क्लीनर शेवटचा कधी धुतला, तेही त्यांना आठवेना. न गाळलेली तीच धूळ रिंगाही घासते.

गोळ्या थांबवून इन्हेलर दिला, तो ओढायला शिकवला. मळणीला तोंडावर दुपट्टा पुरत नाही, एन-९५ मास्क लावा, असे सांगितले. परवा त्यांचा फोन आला: तेल सोडल्यावर एका सिलिंडरचा आकडा चढला. इंजिन उन्हाळ्यात खोलायचे ठरले आहे. त्यांना मार्चमध्ये पुन्हा फुंकायला बोलावले आहे.