माक्याचं तेल आणि तीन महिन्यांचा हिशेब

गौरी-गणपती उरकले की मुळशीतल्या भातखाचरांच्या बांधांवर माका माजलेला असतो. भात निसवायला आलेला, खाचरात पाणी, आणि बांधाच्या ओल्या कडेला नखाएवढ्या पांढऱ्या फुलांचा हा पाला. शेत करणाऱ्याच्या लेखी तण, माझ्या आत्याच्या लेखी वर्षभराचं तेल. पानं चुरडली की आधी हिरवा रस सुटतो आणि पाहता पाहता काळा पडतो. माका खुडून आलेल्या बाईची बोटं दोन दिवस तशीच राहतात. ‘बोटं काळी झाली म्हंजी माका खरा,’ एवढीच आत्याची पारख.

आत्याचं घर पौडच्या पुढे, धरणाच्या वाटेवर. तिथल्या परड्यात मी हे तेल कढताना लहानपणापासून पाहिलं आहे. लोखंडी कढईत एक तांब्या खोबरेल, चार तांबे माक्याचा गाळलेला रस आणि पाव तांब्या माक्याचाच वाटलेला गोळा. तेलाच्या चौपट रस आणि पाव हिस्सा कल्क हे आयुर्वेदाचं प्रमाण आत्याने कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही, तिच्या सासूच्या हाताने ते आलं. मंद चुलीवर दिवस जातो. आधी कढई सारखी तडतडते. मग आवाज कमी होतो, तेलावर फेस धरतो. आत्या तळचा पाला पळीने काढते, निववून बोटांत वळते. त्याची वात झाली की ती दिव्यावर धरते. वात तडतडली तर आत अजून पाणी आहे आणि तेल पुढे खवट होणार. मुकाट जळली तर कढई उतरवायची. ही वातीची कसोटी वैद्यांच्या पुस्तकांतही आहे.

या तेलावर माझा विश्वास बसला तो एका आजारपणामुळे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला. पंधरा दिवसांत बरी झाले, कामाला लागले. ऑक्टोबर संपता संपता केस जायला लागले. कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीवर पुंजकेच्या पुंजके. प्रत्येक केसाच्या टोकाला पांढरा ठिपका, म्हणजे मुळासकट निघाला असं वाटून पोटात गोळा यायचा. दिवाळीच्या अभ्यंगाला आत्याने बाटली पाठवली. नेमाने तेल लावत राहिले. होळीच्या सुमारास कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले. घरात सगळ्यांनी तेलाची वाहवा केली, मीही केली.

पुढे त्वचारोगाच्या एका डॉक्टरांनी कागदावर नुसते महिने मांडून दाखवले, तेव्हा लक्षात आलं की तेलाबरोबर आणखी कुणीतरी काम करत होतं.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कोणत्याही दिवशी वाढत असतात, महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो आणि मग सुमारे तीन महिने नुसता बसून राहतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच कूपातून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे निरोगीपणाचंच लक्षण. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, टायफॉइड, कोविड, एखादा जबर धक्का किंवा उपासमारीचं डाएट झालं की शरीर पुष्कळ केसांना एकदम बसवून ठेवतं. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, आपण आजार विसरल्यावर. टोकाचा तो पांढरा ठिपका म्हणजे बसलेल्या केसाचं बोंडूक. कूप कातडीखाली शाबूत राहतो. मूळ कारण संपलं असेल तर अशी गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

ऑगस्टचा ताप, ऑक्टोबरची गळती, होळीचे नवे केस. हिशेब तंतोतंत जुळला. आमच्याकडच्या बायका म्हणतात की बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात. बाळ तसं हसतं ते दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि बाळंतिणीचे केसही त्याच सुमाराला गळू लागतात. पाहणं अचूक, फक्त कारण वेगळं.

म्हणून केस गळतात अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आता पहिलं विचारते: तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? घरगुती उपायांबद्दल जे काही लिहायचं ते या प्रश्नानंतरच लिहिता येतं. गळती आपोआप थांबायच्या बेतात असताना जो उपाय हाताशी असेल त्याला यश मिळतं, मग तो कांदा असो, मेथी असो, अंडं असो की कोरफड.

तेलाला मात्र त्याचं स्वतःचं काम आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेले आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना-विंचरताना त्यातून प्रथिनं झिजतात, ती झीज तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने कमी केली. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचं असल्याने केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हे ध्यानात ठेवून वाचावं, पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तेल केसाची काडी राखतं, केस कमी तुटतात. कूपातून केस उगवायला लावणं ही वेगळी गोष्ट.

माक्याने केस लवकर उगवल्याचे प्रयोग झालेत, ते उंदरांवर. जास्वंदीचेही २००३ मध्ये तसेच झाले आणि त्यात फुलापेक्षा पानाचा अर्क सरस ठरला. आपण मात्र पिढ्यान् पिढ्या फुलंच तेलात टाकत आलो! माणसांवरचा सर्वांत बोलका प्रयोग कांद्याचा. बगदादमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये चाई पडलेल्या लोकांना दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावायला दिला. सहा आठवड्यांत २३ पैकी २० जणांच्या चट्ट्यांवर केस आले, साधं पाणी लावणाऱ्या १५ जणांपैकी दोघांचे आले. आकडा दिपवणारा आहे, पण माणसं मूठभर. आणि चाई हा शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच कूपांवर हल्ला केल्याने होणारा विकार. कित्येकदा तो आपला आपण भरून येतो. वडिलांसारखं कपाळ मागे सरकत चाललेल्या मुलाने कांदे किसत बसण्याला या प्रयोगाचा आधार नाही. त्या टकलाचं कारण आनुवंशिकता आणि संप्रेरकं. तिथे उपयोगी पडणारं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध होतं. रुग्णांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून ते डोक्याला लावायचं औषध झालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इराणमध्ये २०१५ साली १०० पुरुषांपैकी निम्म्यांना रोझमेरीचं तेल आणि निम्म्यांना दोन टक्के मिनॉक्सिडिल सहा महिने लावायला देऊन ताडून पाहिलं, दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला. आशा वाटावी असा हा एकच प्रयोग आहे, त्यावर घर बांधू नये.

जावळ काढलं की केस दाट येतात, हेही घराघरांत ऐकू येतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो जाड भासतो. कातडीखालच्या कूपाला वरच्या वस्तऱ्याचा पत्ताही नसतो. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्ये मोजमापं घेऊन हे दाखवलं. जावळ संस्कार म्हणून काढावं, दाट केसांसाठी नाही.

काही उपायांनी मात्र माणसाचं वाईट होतं, ते इथे स्पष्ट लिहिते. चाईवर बिब्बा लावू नका, कातडी भाजून फोड येतात आणि व्रण राहिला तर तिथे केस कायमचा जातो. गुंजेचा लेप घरी करू नका, गुंजेचं बी जहाल विषारी असतं. कोंडा असेल तर तेल थापू नका, कोंड्यातली बुरशी स्निग्धावरच पोसते. लहान मुलाच्या डोक्यावर खवले धरून केस तुटलेला चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो. त्याला पोटातून औषध लागतं आणि उशीर झाला तर घरातल्या इतर मुलांना लागण होते. केस उगवून देणाऱ्या शिबिरांपासून तर लांबच राहा. मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूरला अशाच शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या ६०हून अधिक लोकांना डोळ्यांची आग होऊन दवाखाना गाठावा लागला. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमावलीच्या परिशिष्ट ‘जे’मध्ये टक्कल आहे, म्हणजे ते बरं करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. बाटलीवर तसा दावा दिसला की तिथेच ती खाली ठेवावी.

आमच्या तालुक्यात आता केसगळतीचा एक नवा आरोपी आहे, पाणी. हिंजवडी आणि माणही मुळशीतच येतात. तिथे नोकरीला आलेली मुलं-मुली टँकरच्या, बोअरच्या जड पाण्याने अंघोळ करतात. फेस होत नाही, केस राठ होतात, आणि ‘पुण्याला आल्यापासून केस गेले’ हे वाक्य ऐकायला मिळतं. गळालेला केस उजेडात धरून पाहा. टोकाला पांढरं बोंडूक नसेल तर तो मधूनच तुटलेला आहे, आणि ते जड पाण्याचं, कोरडेपणाचं किंवा ओले केस ओढून विंचरण्याचं काम असू शकतं. बोंडूक असेल तर पाण्याला सोडा. घर सुटलं तेव्हा जेवण, झोप आणि मनाची शांतताही सुटली होती का, ते आठवा.

पाण्यावर पहिला संशय तिकडे बुलढाण्यातही गेला होता. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव परिसरातल्या गावांत लोकांना आधी डोकं खाजायचं, मग हात फिरवला की केस हातात यायचे आणि काही दिवसांत टक्कल पडायचं. १८ गावांतल्या २७९ जणांना हे झालं. मुलींनी शाळा-कॉलेजला जाणं सोडलं, ठरलेली लग्नं अडली. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचूदंशावरच्या कामामुळे ओळखले जातात. ते शेगावकडे गेले, नमुने घेतले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्या गव्हात सेलेनियम सुमारे ६०० पट आढळल्याचं त्यांनी मांडलं. बाधितांच्या रक्तात आणि केसांतही ते वाढलेलं होतं आणि जस्त कमी होतं. या लोकांनी कितीही तेल लावलं असतं तरी ताटातली पोळी तीच राहिली असती.

सेलेनियम शरीराला लागतं, पण कणभर. प्रौढाला दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर ते घातक, आणि अति झाल्याची पहिली खूण म्हणजे केस आणि नखं जाणं. केसांसाठीच्या गोळ्या नि गमी सध्या हौसेने खाल्ल्या जातात, त्यांतल्या कित्येकांत ते असतंच. दोन-तीन प्रकार एकत्र घेणाऱ्यांनी डबीवरचे आकडे जरूर वाचावेत.

घरच्या उपायांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो स्वयंपाकघरातला. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. लोह कमी पडलं की शरीर आधी हृदय-मेंदू सांभाळतं, केसांची पाळी शेवटी. बाळंतिणीला अळिवाचा लाडू देणाऱ्या आज्यांना हे कळत होतं. पालेभाजी लोखंडी कढईत करावी, वर लिंबू पिळावं, जेवणानंतरचा चहा तास-दीड तास लांबवावा. तरी गळती सहा महिन्यांपलीकडे चालली, भांग रुंद होत गेला, चट्टे पडले किंवा सोबत पाळी बिघडली, वजन वाढलं, तर रक्त आणि थायरॉइड तपासून घ्यावं. तपासणी लांबवल्याने बायकांचं फार नुकसान होताना मी पाहिलं आहे.

यंदा भाद्रपदात मी गेले तेव्हा आत्याच्या शेजारी भाड्याने राहणारी, हिंजवडीला कामाला जाणारी एक मुलगी तेल मागायला आली होती. ओढणीच्या टोकात गळालेल्या केसांचा पुंजका बांधून आणला होता. तो हातात घेऊन आत्याने दारातल्या उजेडात धरला, एक केस वेगळा काढून त्याचं टोक पाहिलं.

‘जेठात आजारी व्हतीस का गं, बाय?’

मुलगी गडबडली. मग म्हणाली, ‘जूनमध्ये टायफॉइड झाला होता, काकू. ॲडमिट होते.’

आत्याने तिला बाटली भरून दिली, पैसे घेतले नाहीत. वर फडक्यात बांधून अळीव दिले आणि रक्त कधी तपासलं होतं ते विचारलं. मुलगी आठवायला लागली तशी आत्या चुलीपाशी गेली. कढईची तडतड थांबत आली होती.