मोटारसायकलचे टायर, पुढील व मागील
मोटारसायकलचे टायर, पुढील व मागील : मोटारसायकलच्या दोन चाकांच्या रिमांवर बसविलेली व आतील हवेच्या दाबाने ताठ राहणारी रबरी वेष्टने. दिसण्यात ती सारखी असली, तरी त्यांची कामे भिन्न असतात आणि त्यामुळे ती सुटीसुटी न निवडता परस्परांशी जुळणारी जोडी म्हणून निवडावी लागतात. मागील टायर एंजिनाची शक्ती रस्त्यापर्यंत पोहोचवितो आणि मागे बसणाऱ्याचा व सामानाचा बहुतेक भार वाहतो. पुढील टायर वाहनास दिशा देतो आणि ब्रेक लावल्यावर वाहन थांबविण्याचे मुख्य काम करतो. मोटारगाडीचा एक टायर घसरला, तरी उरलेले तीन तिला उभी ठेवतात. मोटारसायकलला हा आधार नसतो. मागचे चाक घसरल्यास चालकाला सावरण्यास थोडा अवधी मिळतो. पुढचे घसरल्यास तो बहुधा मिळत नाही.

हवा भरलेल्या टायरचे पहिले एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, तथापि तो व्यवहारात आला तो जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे १८८८ मध्ये सायकलसाठी केलेल्या टायरमुळे. पुढे मोटारसायकलींवर दोन्ही चाकांना एकाच मापाचे टायर बसविण्याची पद्धत दीर्घकाळ टिकून राहिली. मद्रास येथे १९५५ पासून जुळविल्या जाऊ लागलेल्या रॉयल एन्‌फील्ड बुलेटवर अनेक वर्षे पुढे व मागे ३·२५–१९ हेच माप असे. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची दुचाकीशी पहिली ओळख मात्र मोटारसायकलमुळे नव्हे, तर १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतक या स्कूटरमुळे झाली. तिची पुढील, मागील व जादा (स्टेपनी) अशी तिन्ही चाके ३·५०–१० या एकाच मापाची असल्याने झिजलेला टायर पुढे घेणे, पुढचा मागे टाकणे हा काटकसरीचा व निर्धोक मार्ग होता. स्कूटरबरोबर अंगवळणी पडलेली ही रीत मोटारसायकललाही लावली जाते आणि तेथे ती घातक ठरते. मागील चाकावर झिजलेला टायर ‘अजून थोडा चालेल’ म्हणून पुढे बसविणे हा तिचा सर्वांत वाईट प्रकार होय.

भाराची विभागणी : वाहन व चालक मिळून २०० किग्रॅ. वजन आहे असे धरल्यास उभ्या स्थितीत साधारणपणे ९६ किग्रॅ. भार पुढील व १०४ किग्रॅ. मागील टायरवर येतो. ब्रेक लावल्यावर काही भार मागून पुढे सरकतो. तो किती सरकेल हे मंदन, गुरुत्वमध्याची उंची व दोन आसांमधील अंतर यांवर अवलंबून असते. गुरुत्वमध्य ०·६ मी. उंचीवर, आसांमधील अंतर १·३ मी. आणि मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या ०·६ पट असेल, तर सु. ५५ किग्रॅ. भार पुढे जातो. म्हणजे पुढील टायरवर सु. १५१ व मागील टायरवर अवघा ४९ किग्रॅ. भार उरतो. अशा वेळी थांबविण्याच्या सामर्थ्याचा सु. तीन-चतुर्थांश भाग पुढील टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रातून येतो. उलट, मागे एखादी व्यक्ती बसली असता तिचे जवळजवळ सर्व वजन मागील टायरवर पडते. एकाला अधिक भारक्षमता व दुसऱ्याला अधिक नेमकी पकड लागते, ती यामुळेच.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूरच्या रस्त्यावर या दोन्ही गरजा एकाच प्रवासात दिसून येतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सु. ४६० मी. उंचीवर, तर तेथून सु. ४५ किमी. वरील तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेवर सु. ६५० मी. उंचीवर आहे. तुळजाभवानीच्या दर्शनास दोघे, पुष्कळदा तिघेही, एकाच मोटारसायकलवर येतात (तिघांचा प्रवास बेकायदेशीर आहे, हे सांगणे नलगे). घाट चढताना मागील टायर भाराने दबतो व तापतो. उतरताना सारा ताण पुढील टायरवर येतो. आश्विनातील नवरात्रात व कोजागिरीच्या सुमारास याच रस्त्याने पायी जाणाऱ्यांची गर्दी असते आणि अचानक थांबण्याचे प्रसंग वारंवार येतात. उन्हाळ्यात तपमान ४०° से. च्या वर जाते. पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ व तेल यांचा निसरडा थर बनतो, तर शेतातून ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर डांबरावर आलेली काळी माती ओली होताच साबणासारखी होते. नव्या टायरनेही अशा मातीवर वेग कमीच ठेवावा लागतो. गुळगुळीत झालेल्या पुढील टायरने मात्र तेथे वळणे म्हणजे पडणेच.

मापे व खुणा : टायरच्या बाजूवर त्याचे माप कोरलेले असते. १००/९०–१७ ५५पी या खुणेत १०० ही मिमी. मधील रुंदी, ९० ही रुंदीच्या शेकडेवारीत दिलेली उंची, १७ हा इंचांतील रिमचा व्यास, ५५ हा भारांक आणि पी हे कमाल वेगाचे (ताशी १५० किमी.) चिन्ह होय. २·७५–१८ अशा जुन्या पद्धतीत पहिली संख्या रुंदी इंचांत दर्शविते. माप सारखे म्हणजे टायर सारखा, असे मात्र नाही. हीरो स्प्लेंडर प्लसवर पुढे व मागे ८०/१००–१८ हेच माप आहे, पण पुढच्याचा भारांक ४७ (१७५ किग्रॅ.), तर मागच्याचा ५४ (२१२ किग्रॅ.) आहे. केवळ माप पाहून पुढचा टायर मागे बसविल्यास दोघांच्या वजनाखाली तो क्षमतेच्या कडेला येतो. इतर वाहनांवर मापेही वेगळी असतात, उदा., यामाहा आरएक्स १०० वर पुढे २·५०–१८ व मागे २·७५–१८.

मागे मूळ मापापेक्षा रुंद टायर बसविण्याची हौस तरुणांत फार आहे. तिचा लाभ दिसण्यापुरताच असतो. अरुंद रिमवर रुंद टायर बसविला की, त्याच्या कडा आवळल्या जातात व माथा टोकदार होतो. त्यामुळे सरळ जाताना स्पर्शक्षेत्र वाढण्याऐवजी घटू शकते. टायर साखळीला वा मागील दांड्याला घासण्याचाही संभव असतो. शिवाय ८०/१००–१८ ऐवजी १००/९०–१८ बसविल्यास बाह्य व्यास सु. ६१७ मिमी. वरून सु. ६३७ मिमी. होतो, मागील भाग १० मिमी. उचलला जातो आणि सुकाणूचा कल सु. अर्ध्या अंशाने बदलतो. एवढ्यानेही वळताना हँडलची वागणूक बदलल्याचे जाणवते. बदल करावयाचाच असेल, तर उत्पादकाने त्याच रिमसाठी मान्य केलेल्या मापांतूनच करावा.

नक्षी व दिशा : पुढील टायरवर बहुधा परिघाच्या दिशेने जाणाऱ्या सलग खाचा असतात, त्यांमुळे चाक आडवे सरकण्यास विरोध होतो व पाणी दूर सारले जाते. मागील टायरवर ठोकळ्यांची किंवा तिरप्या खाचांची नक्षी ओढ घेण्यास उपयोगी पडते. बाजूवरील बाण फिरण्याची दिशा दाखवितो. याचे कारण केवळ नक्षीत नसून नक्षीच्या थराचा सांधा तिरका असतो, हेही आहे. मागील टायरवर मुख्य जोर एंजिनाच्या ओढीचा, तर पुढील टायरवर ब्रेकचा, म्हणजे विरुद्ध दिशेचा असतो. म्हणून दोन्ही चाकांवर चालणाऱ्या काही टायरांवर पुढील व मागील चाकासाठी परस्परविरुद्ध बाण दिलेले असतात. पंक्चर काढल्यावर टायर उलटा बसविला जाणे ही नेहमीची चूक असून ती दुकानातच पाहून घ्यावी.

रचना : लहान मोटारसायकलींचे टायर बहुधा नायलॉनच्या तिरप्या धाग्यांचे असतात. अरीय टायरात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व त्याच्या बाजू अधिक लवचिक असतात. काही उत्पादक पुढे तिरप्या धाग्यांचा व मागे अरीय अशी जोडी स्वतःच देतात. ग्राहकाने मात्र असे मिश्रण आपल्या मनाने करू नये. बाभळीच्या काट्यांच्या प्रदेशात नळीविरहित (ट्यूबलेस) टायर सोयीचा असतो, कारण काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते. साध्या आऱ्यांच्या रिममध्ये आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून तेथे नळी लागतेच.

झीज व बदल : मागील टायर पुढच्यापेक्षा पुष्कळ लवकर, बहुधा मधोमध सपाट होऊन झिजतो. पुढचा खाचा शिल्लक असूनही वयोमानाने कडक होतो, म्हणून केवळ खाचा पाहणे पुरेसे नाही. बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढील दोन वर्ष सांगतात. ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकीच्या टायरवर किमान ०·८ मिमी. खोलीची नक्षी शिल्लक असावी लागते. पावसाळ्यात एवढ्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. दोन्ही टायर एकदम घेणे परवडत नसल्यास मागील टायर दुसऱ्यांदा बदलताना पुढचाही बदलावा आणि तो त्याच जातीचा घ्यावा. नक्षी पुन्हा चढविलेला (रिमोल्ड) टायर पुढील चाकावर बसवूच नये.

हवेचा दाब : एकट्या चालकासाठी पुढे २५ व मागे २८ पौंड प्रती चौ. इंच हा दाब लहान मोटारसायकलींवर पुष्कळदा सांगितलेला असतो. मागे कोणी बसल्यास फक्त मागील टायरचा दाब वाढवावयाचा असतो. नेमके आकडे वाहनावरील पट्टीवर असतात. दाब टायर थंड असताना मोजावा. तपमान १०° से. ने वाढल्यास दाब सु. दीड पौंडाने वाढतो. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमधून हवा सोडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी तो अपुरा ठरतो. नव्या टायरच्या पृष्ठावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो. तो निघून जाईपर्यंत, म्हणजे पहिले सु. १५० किमी., जोराने ब्रेक लावणे व वाहन फार कलविणे टाळावे. घाटाचा प्रवास करावयाचा असल्यास टायर आदल्या दिवशी न बदलता आठवडाभर आधी बदलावा.