महासंगणकाची पेढी

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात आणि जाधववाडीच्या बाजारात भावाइतकीच आभाळाचीही चौकशी सुरू होते. बियाणे-खतांचा माल किती भरावा, उधारी कुणाला किती द्यावी, उघड्यावरच्या पोत्यांवर ताडपत्री आज टाकावी की उद्या, हे सारे पावसावर ठरते. मराठवाड्यात पेरणीनंतर पावसाने ताण दिला तर दुबार पेरणी. आणि दुबार पेरणी म्हणजे या हंगामाची येणी पुढच्या हंगामावर. ज्या अंदाजावर असे निर्णय टेकलेले असतात, त्यामागची आकडेमोड पुण्यात पाषाण येथे, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्का’ या महासंगणकावर होते.

हवामानाचा हिशेब मांडण्याची रीत व्यापाऱ्यास परकी वाटू नये. साऱ्या पृथ्वीवरील वातावरणाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचे तापमान, दाब, वारा, आर्द्रता यांचे जणू स्वतंत्र खाते उघडायचे. २०१८ साली आलेल्या ‘प्रत्युष’वर हे तुकडे साधारण १२ किलोमीटरचे होते. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ते ६ किलोमीटरवर आले. एका गावात ओढा भरून वाहतो आणि दोन कोसांवर धूळ उडते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव. खाती मोठी असली तर तो वहीत उमटतच नाही. परंतु तुकड्याची बाजू निम्मी केली की खाती चौपट होतात, शिवाय नोंदीही दुप्पट वेळा कराव्या लागतात. म्हणजे काम आठपट.

एवढे काम एक यंत्र करू शकत नाही. ‘महासंगणक’ या शब्दाने एकच अजस्र यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती असंख्य कारकुनांची पेढी असते. प्रत्येक कारकून म्हणजे एक ‘नोड’: पडदा नाही, कळफलक नाही, केवळ प्रोसेसर आणि मेमरी असलेला चपटा संगणक, लोखंडी कपाटात एकावर एक रचलेला. बाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळा दर्शनी नोड असतो. कुणाचे काम केव्हा, किती नोडवर चालवायचे हे ठरविणारा मुख्य नोड निराळा. काही ठिकाणी जोडीला जीपीयू असतात. त्यांना फार विचार जमत नाही. मात्र एकच गणित हजारो ओळींवर एकदम करण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही.

तरीही पेढीचा खरा कस कारकुनांत नसून त्यांच्या परस्परांतील देवघेवीत असतो. शेजारच्या तुकड्यातला वारा आपल्या तुकड्यात येतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर नोडला शेजाऱ्याचा आकडा हवा असतो. तो उशिरा आला तर सर्वात वेगवान प्रोसेसरही हात बांधून बसतो. बँकांचे संगणकीकरण होण्यापूर्वी शाखाशाखांच्या नोंदींचा ताळमेळ लागेपर्यंत किती माणसे खोळंबत, हे जुन्या कर्मचाऱ्यांना विचारावे! म्हणून येथे कार्यालयातील साधे जाळे चालत नाही. इन्फिनिबँडसारखी, सेकंदाच्या सुमारे दहा लाखाव्या भागात निरोप पोहोचविणारी जोडणी लागते. शिवाय काही भाग क्रमानेच करावा लागतो. असा भाग केवळ ५ टक्के असला, तरी हजारो नोड लावूनही काम २० पटींपेक्षा वेगाने होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेले हे गणित मोठी खरेदी करणाऱ्याने आधी वाचावे.

भारताने हा धडा नाइलाजाने गिरविला. अमेरिकेने बलाढ्य क्रे संगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, तो ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा जोडून. तिच्या अंगातच शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. मिळाले नाही ते यंत्र. जोडण्याची विद्या मात्र साधली.

उरली कोठी. ‘अर्का’ची साठवण ३३ पेटाबाइट, म्हणजे ३ कोटी ३० लाख गिगाबाइट आहे. अशा साठ्यात एकच फाइल अनेक डिस्कवर पट्ट्यापट्ट्यांनी विभागतात, जेणेकरून अनेक हातांनी एकदम लिहिता-वाचता यावे. वापरलेली जवळपास सारी वीज शेवटी उष्णतेत बदलते. ती काढून नेण्यासाठी पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’मध्ये थंड द्रव थेट प्रोसेसरलगत फिरवितात. वीज गेलीच तर बॅटऱ्या आणि जनरेटर सज्ज असतात. त्याउपर एखादा नोड मध्येच बंद पडला, तर दीर्घ हिशेब पहिल्यापासून मांडावा लागू नये म्हणून ठरावीक अंतराने साऱ्या खात्यांची शिल्लक कोठीत उतरवून ठेवतात. काम पुन्हा सुरू होते ते त्या शेवटच्या शिलकेपासून.