हवा गेली, जंतू राहिले

आईची परतीची बॅग भरताना दर वर्षी एकच वाद होतो. सिएटलला आमच्या परसात उन्हाळाभर सॅल्मन धुरावला जातो. आईला तो आवडतो आणि निघायच्या आदल्या रात्री फ्रीझरमधल्या पिशव्यांकडे बोट दाखवून ती म्हणते, "अरे, हवा काढून बंद केलंयस ना? मग पुण्यापर्यंत काय होणार आहे त्याला?" वर पुरावा म्हणून विमानतळावरच्या दुकानात फ्रिजबाहेर मांडलेली धुरावलेल्या सॅल्मनची पाकिटं. तीही चपटी, आमच्या पिशव्याही चपट्या.

आई एकटी नाही. इथल्या मराठी मित्रांपैकी तिघांनी यंदा स्मोकर घेतला आणि महिन्याभरात प्रत्येकाचा फोन आला: व्हॅक्यूम सीलर कोणता घेऊ? विचारतात यंत्राबद्दल, पण मनात गृहीत धरलेलं असतं ते आईचंच. म्हणून यंत्राआधी त्याचा निकाल लावू.

"हवा काढली की पदार्थ टिकतो"

हवेमुळे जे बिघडतं ते टळतं, हे खरं. चरबी खवट होत नाही, बुरशी धरत नाही, फ्रीझरमध्ये पृष्ठभाग वाळून पांढुरके चट्टे उठत नाहीत. पण काही जंतूंना हवा नकोच असते. त्यातला सर्वांत घातक क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत, समुद्राच्या नि तळ्यांच्या गाळात आणि म्हणून माशांच्या पोटातही सापडतात. हवेत ते स्वस्थ पडून असतात. हवा काढली की त्यांची सोय होते.

माशांवर आढळणारा 'ई' प्रकार तर ३.३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की वाढू शकतो. आपल्या घरातले फ्रिज बहुधा ४-५ अंशांवर चालतात, दाराजवळच्या कप्प्यात त्याहूनही जास्त. या जंतूचं विष तयार झालं तरी पदार्थाला वास येईलच किंवा पिशवी फुगेलच असं नाही. "वास घेऊन बघू" ही आपली पिढीजात तपासणी इथे निकामी ठरते. १९६३ साली अमेरिकेत ग्रेट लेक्सच्या भागातून आलेल्या, निर्वात पिशव्यांत भरलेल्या धुरावलेल्या व्हाइटफिशमुळे बॉट्युलिझम होऊन माणसं दगावली. हे पदार्थ फ्रिजच्या भरवशावर ठेवायचे असतील तर मिठाचं प्रमाण मोजूनमापून हवं, हे त्यानंतर पक्कं झालं.

मग विमानतळावरची पाकिटं कशी टिकतात? ती नुसती निर्वात नसतात. मासा जाड पाकिटात बंद केल्यावर ते पाकीट दाबाखाली, पाण्याच्या उकळबिंदूच्या बरंच वर तापवून बीजाणू मारलेले असतात. म्हणजे तो डबाबंद मासाच, फक्त डबा पत्र्याचा नाही. घरच्या सीलरमधून तसलं काही होत नाही. घरी करायचंच तर धुरावलेला मासा काचेच्या बरणीत भरून मोठ्या प्रेशर कॅनरमध्ये ११० मिनिटं ठेवावा लागतो. तीन शिट्ट्यांचा आपला कुकर त्या जागी चालत नाही. आईने शेवटी विमानतळावरचीच दोन पाकिटं नेली.

"धूर लागला म्हणजे मासा टिकाऊ झाला"

पूर्वी होत असे, पण एकट्या धुराने नव्हे. भरपूर मीठ आणि दिवसच्या दिवस वाळवणं ही खरी कामं, धूर त्यांच्या जोडीला. तो पृष्ठभागावरच बसतो, आत फारसा शिरत नाही. आज आपण मासा रात्रभर सौम्य मिठाच्या पाण्यात ठेवतो, तीन-चार तास आल्डरच्या लाकडाचा धूर देतो आणि आतून रसरशीत राहिला म्हणून खूश होतो. हा धुराचा वास असलेला शिजवलेला मासा आहे. निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार दिलेली डाळ आपण चार दिवस ओट्यावर ठेवतो का?

इथल्या कारखान्यांना निर्वात पिशवीतल्या धुरावलेल्या माशाच्या ओलाव्यात किमान ३.५ टक्के मीठ राखावं लागतं (नायट्राइट वापरलं तर थोडं कमी चालतं), आणि ते प्रयोगशाळेत तपासलं जातं. आपल्या जिभेला ते कळत नाही. म्हणून माझा नियम सरळ आहे. धुरावताना माशाचा आतला भाग ६५ अंशांवर अर्धा तास राहिलाच पाहिजे. फ्रिजमध्ये ठेवायचा तुकडा साध्या कागदात गुंडाळायचा, निर्वात करायचा नाही आणि दोन आठवड्यांत संपवायचा. निर्वात केलेली पिशवी थेट फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. तिथे जंतू मरत नाहीत, पण वाढतही नाहीत.

एक गोष्ट जवळजवळ सगळे उलटी करतात. गोठलेली पिशवी बंदच ठेवून वितळवतात. तसं नको. आधी पिशवी कापून हवा लागू द्यायची, मग फ्रिजमध्ये वितळू द्यायचं. (मुंबईत रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण सॅल्मनशी त्याचं नातं नाही. नियम मात्र दोघांनाही हेच.)

सुके बोंबील, सोडे, जवळा यांचं गणित वेगळं. ते खरोखर खडखडीत वाळलेले असतील तर बॉट्युलिनमला लागणारं पाणीच उरत नाही, आणि निर्वात पिशवी पावसाळ्यातल्या दमटपणापासून त्यांना चांगली जपते. फक्त टोकं पिशवीला भोकं पाडतात, तेव्हा आत कागदाची घडी द्यावी. अर्धवट वाळलेल्यांना ही सवलत नाही.

"जितकी ओढ जास्त तितकं यंत्र भारी"

आता यंत्र. जाहिरातीत उणे ८०, उणे ९० किलोपास्कल असे आकडे मिरवतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, त्यापलीकडे कुठलंच यंत्र ओढू शकत नाही. ८० आणि ९० मधला फरक फ्रीझरमधल्या पिशवीला फारसा जाणवत नाही. जाणवतो तो शिवणीचा फरक. पिशव्या निकामी होतात त्या बहुतेक वेळा हवा कमी ओढल्यामुळे नव्हे, तर शिवण गळून हवा परत शिरल्यामुळे. माझ्या पहिल्या यंत्राने ओढ जबरदस्त दिली आणि शिवण दोऱ्याइतकी बारीक. दोन महिन्यांनी फ्रीझर उघडला तर निम्म्या पिशव्या सैल पडल्या होत्या.

म्हणून दुकानात सीलची पट्टी बघा. शिवण रुंद किंवा दुहेरी पडते का, तापायची वेळ कमीजास्त करता येते का, आणि सलग किती पिशव्या बंद केल्यावर यंत्र गार व्हायला थांबतं. स्मोकरमधून एका वेळी आठ-दहा पिशव्यांचा माल निघतो. दोन पिशव्यांमागे मिनिटभर थांबायला लावणारं यंत्र त्या संध्याकाळी जीव काढतं. दुसरं, ओढ मधेच थांबवून सील करायचं बटण हवंच. धुरावलेला मासा पापुद्र्यांचा असतो. पूर्ण ओढ दिली तर त्याचा लगदा होऊन तेल शिवणीत येतं.

"चेंबरचं यंत्रच खरं"

ते छान असतं. आख्खी पिशवी पेटीत ठेवून पेटीतलीच हवा काढतात, त्यामुळे रस्सासुद्धा न सांडता बंद होतो आणि साध्या स्वस्त पिशव्या चालतात. पण बरीचशी यंत्रं वीस किलोच्या पुढची आणि ओट्याची अर्धी जागा खाणारी. महिन्यातून दोनदा धुरावणाऱ्याला पिशवीचं तोंड बाहेरून चिमटीत धरणारं यंत्र पुरतं. त्याची पट्टी ३० सेंटिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे ११ इंची रोल मावतो.

"पिशवी कोणतीही चालते"

नाही. झिपवाल्या पिशव्यांच्या पॉलिथिनमधून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. सीलरच्या पिशवीला बाहेरून नायलॉनचा थर असतो, तो हवा अडवतो; आतलं पॉलिथिन वितळून शिवण होते. बाहेरून ओढणाऱ्या यंत्राला पिशवी आतून खरबरीत लागते, कारण त्या चऱ्यांतून हवा बाहेर पडते. गुळगुळीत पिशवीचे दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच अडकते. मासा-मटण भरलेली पिशवी धुऊन परत वापरायची काटकसर इथे करू नये.

"गरमागरम भरलं तर वास आत राहतो"

आत राहते ती वाफ. ती शिवणीवर येऊन बसते आणि ओली शिवण नीट वितळून जुळत नाही. चेंबरच्या यंत्रात तर आणखी गंमत: दाब तीन किलोपास्कलच्या आसपास उतरला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळू लागतं, मग गरम मांसाचं काय होईल ते सांगायला नको. धुरावलेला माल जाळीवर गार करून रात्रभर फ्रिजमध्ये उघडा ठेवावा. पृष्ठभाग कोरडा होतो, धुराचा तिखटपणाही निवतो. मासा फार तेलकट असेल तर भरण्याआधी तास-दोन तास फ्रीझरमध्ये कडक करून घ्यावा, मग यंत्राची ओढ तो सहन करतो.

आणि तारीख व 'फ्रीझर' हे दोन्ही पिशवीवर आधीच लिहून ठेवा. गोठून दव धरलेल्या पिशवीवर मार्करची शाई बसत नाही.