आवाज फुटण्याचें वय आणि शाळेचें नाटक

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीबरोबर आपल्याकडील माध्यमिक शाळांत स्नेहसंमेलनाचे दिवस येतात. एरवीं शिस्तीच्या नांवाखालीं गप्प बसविलेल्या इमारतींतून पेटीचे सूर ऐकूं येतात, चित्रकलेचे शिक्षक पडदे रंगवूं लागतात, आणि भूगोलाच्या तासाला चारसहा बांकें रिकामीं दिसतात; कारण त्या बांकांवरचीं मुलें तालमीला गेलेलीं असतात. कित्येक पालकांस हा सर्व प्रकार निव्वळ अभ्यासाचा खोळंबा वाटतो, व कित्येकांस ती बक्षीससमारंभापूर्वीची करमणूक वाटते. या दोन्ही मतांचा विचार पुष्कळ झाला आहे. परंतु श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें एका निराळ्याच गोष्टीविषयीं. मुलांच्या शाळेंत नाटक व गाणें हीं ज्या वयाच्या मुलांकडून करवून घ्यावयाचीं, त्याच वयांत त्यांचा कंठ बदलत असतो. ही साधी गोष्ट विसरून आपण संमेलनाचे कार्यक्रम ठरवितों, आणि तिचा भुर्दंड मुलगा भरतो.

आवाज फुटतो म्हणजे नेमकें काय होतें? कंठांतील दोन स्वररज्जु बालपणीं आंखूड व पातळ असतात. सर्वसाधारणपणें बारा ते पंधरा या वर्षांच्या दरम्यान केव्हां तरी मुलाचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढूं लागतें; गळ्यावर कंठमणि उठून दिसूं लागतो ती त्याचीच खूण. स्वररज्जु लांब व जाड होतात, आणि तंबोर्‍याची जाड तार जशी खालच्या सुरांत बोलते, तसा मुलाचा आवाज सुमारें एक सप्तक खालीं उतरतो. पण हें उतरणें जिन्याच्या पायर्‍या उतरावयासारखें क्रमवार होत नाहीं. स्नायूंना नव्या मापाची संवय होईपर्यंत आवाज मध्येंच घसरतो, मध्येंच चिरकतो. काल जो तार षड्ज सहज लागत होता, तो आज कितीहि जोर केला तरी लागत नाहीं. कोणाचें हें स्थित्यंतर कांहीं महिन्यांत आटोपतें, कोणास वर्ष-दीड वर्ष लागतें. त्यामुळें आठवी-नववीच्या एकाच वर्गांत तीन प्रकारचे कंठ शेजारीं शेजारीं बसलेले असतात : ज्याचा फुटावयाचा आहे तो, ज्याचा फुटत आहे तो, आणि ज्याचा फुटून स्थिर झाला आहे तो. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिल्यास काळी चार किंवा काळी पांच ही पट्टी सोईची पडते, तिसर्‍यास पांढरी एक किंवा काळी एक. मधल्या बिचार्‍याला कोणतीच नाहीं. त्याच्या हातीं भरंवशाचे असे पांचसहा स्वर काय ते उरलेले असतात. पेटीमास्तर मात्र सर्वांना मिळून एकच पट्टी धरतात, व ती बहुधा त्यांच्या स्वतःच्या गळ्याची असते.

शाळेच्या संमेलनांत उंच सुराच्या, तानांनीं भरलेल्या नाट्यपदांचें जें महत्त्व वाढलें, त्याचें मूळ आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि पुढें कित्येक वर्षें नाटक म्हणजे गाणें हें समीकरण महाराष्ट्राच्या मनांत बसलें. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असल्यामुळें गोड गळ्याच्या लहान मुलांस नाटकमंडळ्यांत मोठी किंमत असे. देवलांचें 'शारदा' नाटक १८९९ मधलें. त्यांतली शारदा करून केशवराव भोसले बालवयांतच नांवारूपास आले, आणि विशी गांठण्यापूर्वींच १९०८ सालीं त्यांनीं हुबळीस 'ललितकलादर्श' मंडळी काढली. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत आले. हीं नांवें आपण अभिमानानें घेतों, आणि घ्यावींच. पण ज्यांचा गळा फुटला व पुन्हां जुळला नाहीं, अशा मुलांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. त्यांतला कोणी पडद्यामागें राहिला असेल, कोणी घरीं परतला असेल.

युरोपांतहि फारसें निराळें नव्हतें. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन देवालयाच्या गायकवृंदांत गाणारा जोसेफ हायडन आवाज फुटल्यावर १७४९ च्या सुमारास तेथून बाहेर पडला, तेव्हां पुढील निर्वाहाचें कांहींच साधन त्याच्यापाशीं नव्हतें. त्याच शहरांत राजदरबारच्या गायकवृंदांत फ्रांत्स शूबर्ट होता. १८१२ च्या जुलै महिन्यांत त्याच्या बालकंठाचा शेवट झाला, आणि त्यानें स्वरलिपीच्या एका पानावर आपण आज शेवटचे आरवलों अशा अर्थाची नोंद करून ठेवली. पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःस कोंबडा म्हणवून हंसतो आहे! त्या हंसण्यामागें काय असेल, तें आठवीच्या वर्गावर शिकविणार्‍या शिक्षकास सांगावयास नको.

आतां आपल्याकडील परिस्थिति बदलली आहे. 'नाट्यमन्वंतर' संस्थेनें १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' सादर केलें, त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. पुढें ती रीतच पडली. धंदेवाईक रंगभूमीची गरज संपली, तरी मुलांच्या शाळांतून मिशा न फुटलेल्या मुलास लुगडें नेसविण्याची प्रथा मात्र बराच काळ टिकून राहिली. मुलानें स्त्रीची भूमिका करूंच नये, असें माझें मत नाहीं. एखादा मुलगा जिजाबाई गंभीरपणें करील, तर त्यास तिच्याविषयीं चार धड्यांतून कळणार नाहीं इतकें कळेल. परंतु नाटकांत स्त्रीपात्र आहे आणि दुसरें नाटक सांपडलें नाहीं एवढ्याच कारणासाठीं एखाद्यास उभा करावयाचा, प्रेक्षकांनीं त्याच्या चालण्याला हंसावयाचें, आणि वर्गांतील मुलांनीं त्याच नांवानें त्यास वर्षभर हांक मारावयाची, यांत शिक्षण कोठें आहे?

या कोड्यावर फार सुंदर उत्तर सांपडलें तें बंगालमध्यें. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९०१ च्या डिसेंबरांत बोलपूरजवळ शांतिनिकेतन येथें ब्रह्मचर्याश्रम नांवाची मुलांची शाळा काढली. आरंभीं विद्यार्थी अवघे पांच होते. शाळा वाढली तशी मुलांनीं करावयाच्या नाटकाची गरज भासूं लागली. रवींद्रनाथांचीं स्वतःचीं नाटकें तोंपर्यंत पुष्कळ झालीं होतीं. त्यांपैकीं एखादें काटछाट करून मुलांच्या माथीं मारणें सर्वांत सोपें होतें. त्यांनीं तो मार्ग धरला नाहीं. १९०८ सालीं आपल्या एका जुन्या कथेला त्यांनीं मुलांच्या प्रयोगासाठीं 'मुकुट' हें नाट्यरूप दिलें, आणि त्याच वर्षीं पूजेच्या सुट्टीपूर्वीं करावयासाठीं 'शारदोत्सव' हें नवें नाटक लिहिलें.

'शारदोत्सवा'ची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पावसाळा सरला आहे, सुट्टी लागली आहे, आणि मुलांचा थवा हुंदडावयास बाहेर पडला आहे. ठाकुरदा नांवाचा एक वृद्ध त्यांच्यांत मूल होऊन मिसळला आहे. एक राजा संन्याशाच्या वेषांत तेथें येतो. लक्षेश्वर नांवाचा एक कवडीचुंबक सावकार आहे. आणि उपनंद नांवाचा एक मुलगा या आनंदाच्या दिवशींहि बाजूस बसून पोथ्यांच्या नकला करीत आहे. कारण त्याच्या दिवंगत गुरूनें या सावकाराचें देणें ठेवलें आहे व तें त्याला फेडावयाचें आहे. सबंध नाटकांत एकहि स्त्रीपात्र नाहीं, आणि तें नसल्याची उणीवहि कोठें जाणवत नाहीं. मुलें मुलांचेंच काम करतात. वृद्धाचें व संन्याशाचें काम शिक्षकास घेतां येतें, आणि शांतिनिकेतनांत शिक्षक मुलांबरोबर रंगभूमीवर उतरतहि असत. मुलांचा थवा दहांचा असो वा तिसांचा, कथेस बाध येत नाहीं. म्हणजे कोणासहि 'तुला काम नाहीं' असें सांगण्याची पाळी येत नाहीं. पुष्कळशीं गाणीं सर्वांनीं मिळून म्हणावयाचीं. त्यांत एखाद्याचा स्वर चिरकला तरी तो थव्यांत लपून जातो, आणि गाणार्‍या मुलाच्या अंगावर सगळ्या सभागृहाचे डोळे रोखलेले नसतात.

अर्थात् नुसतें लिहून हें साधत नाहीं. गाणीं बसविणारा माणूस लागतो. तो रवींद्रनाथांना दिनेंद्रनाथ ठाकुरांच्या रूपानें मिळाला. हे त्यांच्या ज्येष्ठ बंधूंचे नातू. कवीनें चाल बांधावी, ती दिनेंद्रनाथांनीं तत्काळ उचलावी, स्वरलिपींत उतरावी आणि मुलांच्या गळ्यांत घालावी, असा तेथील परिपाठ होता. १९१५ मध्यें लिहिलेलें 'फाल्गुनी' हें नाटक रवींद्रनाथांनीं त्यांनाच अर्पण केलें आहे. त्या नाटकांत प्रत्येक अंकापूर्वीं गीतांची स्वतंत्र भूमिका आहे. गाणार्‍यांनीं तेथें गावें व बोलणार्‍यांनीं पुढें बोलावें, अशी सोय तींतून आपोआप होते. १९१६ च्या आरंभीं बांकुर्‍याच्या दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ कलकत्त्यास या नाटकाचा प्रयोग झाला, तेव्हां आंधळ्या बाउलाची भूमिका स्वतः कवीनें केली. महाराष्ट्रीयांस सांगण्यासारखी गोष्ट अशी कीं, आपल्याकडील पंडित भीमराव शास्त्री यांनींहि शांतिनिकेतनांत संगीताच्या शिक्षकाचें काम केलें. पुढें तेथें मुलींचें शिक्षण सुरू झालें, आणि १९२६ सालीं मुलींच्या प्रयोगासाठीं रवींद्रनाथांनीं 'नटीर पूजा' लिहिलें, तें मूळचें केवळ स्त्रीपात्रांचें. प्रत्येक वेळीं त्यांनीं आधीं समोर कोण मुलें आहेत तें पाहिलें आणि मग लेखणी उचलली.

प्रत्येक मुख्याध्यापकाच्या दारीं कवि उभा नसतो, हें खरें. आपल्याकडे आचार्य अत्रे हे स्वतःच पुण्यास एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि 'गुरुदक्षिणे'सारखें नाटक मुलांसाठीं लिहूं शकले. असा योग विरळा. पण आपल्या पदरीं जें आहे तेंहि कमी नाहीं. पोवाडा घ्या. मुख्य शाहिरानें कथा सांगावयाची, साथीदारांनीं झील धरावयाची, डफ व तुणतुणें वाजत राहावयाचें. त्याचा पुष्कळ भाग अर्धवट बोलण्याच्या सुरांत चालतो व थोड्या स्वरांत मावतो. म्हणून ज्याचा आवाज नुकताच खालीं बसला आहे त्याला तो पेलतो. एकनाथांचीं भारुडें घ्या. वासुदेव, जोशी, गोंधळी हीं पात्रें म्हणजे तयार नाटकच; प्रत्येकाचा वेष निराळा, चाल निराळी, पदें लहान. ज्याला त्या वर्षीं गातांच येत नाहीं, त्याच्या हातीं ढोलकी, मृदंग किंवा झांज द्यावी. लेझीम तर शाळेच्या कपाटांतच असते.

आवाज फुटत असतांना गावें कीं गाऊं नये, याविषयीं मतभेद फार जुना आहे. आरशाच्या साहाय्यानें स्वतःचें स्वरयंत्र पाहून १८५४-५५ च्या सुमारास त्याचें वर्णन करणारे गायनाचार्य मान्वेल गार्सिया हे या काळांत गळ्यास पूर्ण विश्रांति द्यावी या मताचे होते. विसाव्या शतकांत मात्र विचार पालटला. १९७० नंतर अमेरिकेंतील जॉन कुक्सी यांनीं मुलांच्या आवाजाच्या बदलाच्या पायर्‍या पाडून दाखविल्या, व प्रत्येक पायरीवर जे स्वर सुखानें लागतात तेवढ्यांत हळुवारपणें गाण्यास हरकत नाहीं, हें मत पुढें रूढ झालें. मलाहि तेंच पटतें. दोन वर्षें गाणें बंद केलेला मुलगा बहुधा कायमचा बंद होतो.

खरा धोका गाण्यापेक्षां ओरडण्याचा आहे, आणि तो नाटकांत अधिक. ऐतिहासिक नाटकांतील अफजलखान नेहमीं नव्यानें आवाज फुटलेल्या धिप्पाड मुलास मिळतो, आणि गडगडाटी हंसण्याची तालीम त्याच्याकडून रोज संध्याकाळीं करवून घेतली जाते. त्या हंसण्यानें गळ्याची जी नासाडी होते, ती दहा पदें म्हणूनहि व्हावयाची नाहीं. ध्वनिक्षेपक समोर असतांना या गर्जनेची गरज तरी काय? तालमीच्या दुसर्‍या दिवशीं मुलाचा घसा बसलेला आढळला तर त्या दिवशीं त्यास मुका अभिनय करूं द्यावा. आणि घोगरेपणा दोनतीन आठवडे टिकला तर 'वयाचें आहे' म्हणून सोडून न देतां घशाच्या डॉक्टरास दाखवावें.

संगीतशिक्षकांना माझी एक विनंती आहे. भूमिका व पदें वांटण्यापूर्वीं प्रत्येक मुलाचा आवाज पांच मिनिटें ऐकावा. एकट्याचा ऐकावा, वर्गासमोर नव्हे. सर्वांत खालचा व सर्वांत वरचा सुखाचा स्वर कोणता, तो वहींत त्याच्या नांवापुढें लिहावा, आणि दोन महिन्यांनीं पुन्हां पाहावा. ही वही मुलगा वरच्या वर्गांत गेला म्हणून फेंकूं नये. ज्यास आठवींत गाण्यांतून काढून ढोलकीवर बसवावें लागलें, त्यास दहावींत पुन्हां पेटीपाशीं बोलवावें. परीक्षेचें वर्ष असलें तरी पांच मिनिटें निघतात. त्या वेळीं त्याचा जुना काळी चारचा हट्ट न धरतां पांढरी एकपासून आरंभ करावा, मंद्रांत कोठवर जातो तें आधीं पाहावें, आणि मग सावकाश वर न्यावें. आपण गाऊं शकतों हें पुष्कळ मुलांस ठाऊकच नसतें, कारण आठवीनंतर त्यांस कोणी पुन्हां विचारलेलेंच नसतें.