तयार पॅकेज, पण खूण पाहून

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीतला शेतकरी बियाण्याची पिशवी आणतो, तेव्हा पेरणीपूर्वी काय पाहतो? शिवण शाबूत आहे ना, प्रमाणित बियाण्याचे निळे लेबल आहे ना, त्यावर वाण आणि लॉट क्रमांक आहे ना. आपल्या शाळेतल्या लिनक्स संगणकावर तयार पॅकेज बसवताना आपणही हेच पाहायला हवे.

आज्ञावली माणूस सी सारख्या भाषेत लिहितो. प्रोसेसरला ती कळत नाही. कंपायलर तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. पूर्वी युनिक्सवर हे काम बहुधा ज्याचे त्यालाच करावे लागे. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनसारख्या प्रकल्पांमुळे ते एकदाच होते आणि सर्वांना तयार पॅकेज मिळते.

डेबियनच्या पॅकेजात मुख्य भाग दोन. एकात प्रत्यक्ष फायली असतात. दुसऱ्यात माहिती असते : नाव, आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार आणि सोबत लागणारी इतर पॅकेजे. ६४-बिट प्रोसेसरसाठी केलेले पॅकेज जुन्या ३२-बिट संगणकावर चालत नाही, ते यामुळेच.

'एपीटी' हे साधन सोबतची पॅकेजे स्वतः आणते. शिवाय ते प्रत्येक पॅकेजाचा गणिती ठसा काढून यादीतल्या ठशाशी ताडते. त्या यादीची खातरजमा डेबियनच्या डिजिटल स्वाक्षरीने होते. पॅकेजातला एक बिट बदलला तरी ठसा जुळत नाही.

आता खरी अडचण पाहू. जिथे इंटरनेट नीट चालत नाही, तिथे आपण कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून पॅकेज घेतो आणि 'डीपीकेजी' या साधनाने थेट बसवतो. ते सोबतची पॅकेजे आणत नाही. नेहमीच्या मांडणीत स्वाक्षरीही तपासत नाही. आणि बसवताना पॅकेजातल्या सूचना संगणकाच्या सर्वाधिकाराने चालतात! म्हणजे लेबल न पाहता पेरणी.

यावर उपाय सोपा आहे. जिथे जोडणी आहे तिथे डेबियनच्या अधिकृत साठ्यातून पॅकेजे घ्यावीत, त्यांचे ठसे वहीत टिपावेत आणि शाळेत 'एसएचए२५६सम' या आज्ञेने पुन्हा काढून ताडावेत. ठसा ६४ अक्षरांचा असतो. एकाने वाचावा, दुसऱ्याने जुळवावा. विद्यार्थ्यांकडून हे अवश्य करून घ्या. फुकट मिळालेली वस्तूही पारखून घ्यायची असते, हे त्यांना त्यातूनच उमजेल.